एक बोट म्हणजे हो

त्या सकाळी पाळणाघराचा बॉयलर बिघडला नसता तर टिली माझ्याबरोबर आली नसती. आणि टिली नसती, तर मी त्या माणसाशी कामापलीकडे एक शब्दही बोलले नसते.

जानेवारी होता. बाहेर आमच्या स्कारथॉर्पचा तो खास पाऊस... पडतोय की नुसताच हवेत उभा आहे, हे न कळणारा. एका हातात साच्यांची पेटी, दुसऱ्या हातात तीन वर्षांची टिली, आणि खांद्यावरच्या पिशवीत तिचे जादाचे मोजे, त्या जादांना जादा आणखी एक जोडी, केळं आणि थर्मामीटर. अशी मी रग्बी क्लबच्या मागच्या दाराने आत शिरले.

मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. कवळ्या, खोटे दात, साचे. दर वर्षी मोसम सुरू व्हायच्या आधी क्लबच्या सगळ्या खेळाडूंच्या दातांचे ठसे घ्यायचे आणि ज्याच्या त्याच्या मापाचं रबरी कवच करून द्यायचं, वरच्या दातांवर बसणारं. हे काम यंदा माझ्याकडे आलं होतं. आमच्या गावात तेरा जणांचं रग्बी म्हणजे घरातलाच माणूस. माझे बाबा तर त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलतात. मी मात्र शाळा सुटल्यापासून मैदानाकडे फिरकले नव्हते. माणसं एकमेकांवर आदळतात तो आवाज मला सोसत नाही. टिली झाल्यापासून तर मला टेबलाचा कोपरासुद्धा सोसत नाही.

टिलीचा बाप ती चार महिन्यांची असताना 'जरा कॅनडा बघून येतो' म्हणून गेला. अजून बघतोच आहे.

मालिश करायच्या खोलीत मला जागा दिली होती. कोणत्याही खोलीत शिरले की मी आधी विजेची बटणं बघते, मग गरम पाण्याचं भांडं, मग खिडकीची कडी. सगळं बघून झाल्यावर टिलीला कोपऱ्यात रंगखडू देऊन बसवलं. एकामागून एक बावीस जण येऊन गेले. तेविसावा दारात उभा राहिला आणि खोलीतला उजेड कमी झाला.

डंकन ओल्डरॉयड. पुढच्या फळीतला. बारा वर्षं एकाच क्लबात. समोरच्या तिघांच्या अंगावर सरळ धावत जायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा जायचं, हा त्याचा धंदा. बाबा त्याचं नाव घेताना टीव्हीचा आवाज कमी करायचे. जवळून पाहिलं तर नाकाने दोनदा दिशा बदललेली, कान अर्धवट मळलेल्या कणकेसारखे, आणि समोरचा एक दात गायब.

"दोन मिनिटं बोलायचं नाही," मी ठसा घ्यायचा गुलाबी लगदा ढवळत नेहमीचं वाक्य म्हटलं. "नाकाने श्वास घ्या."

"नाकाने?" त्याने स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं. "ह्या?"

मला हसू आलं. ते लपवायला मी साचा पटकन त्याच्या तोंडात बसवला आणि दोन बोटांनी धरून उभी राहिले. मग ती शांतता. इतक्या जवळून माणसाकडे बघायचं तरी कुठे? मी त्याच्या पापण्यांकडे बघितलं, आणि चुकलंच. एवढ्या थोराड चेहऱ्यावर इतक्या लांब पापण्या कुणी लावून ठेवल्या होत्या, कोण जाणे. एका पापणीवर पावसाचा थेंब होता.

टिली जवळ येऊन उभी राहिली. तिने त्याला विचारलं, तुझं नाक दुखतं का. मी सांगितलं की काकांना आत्ता बोलता येणार नाही. तिने थोडा विचार केला.

"मग एक बोट म्हणजे हो. दोन बोटं म्हणजे नाही."

त्याने गंभीरपणे दोन बोटं वर केली. नाक दुखत नव्हतं. तो राक्षस होता का? दोन बोटं. त्याच्याकडे कुत्रा होता का? एक बोट. त्याला मुलगी होती का? दोन. मग सकाळी डबा कुणाला भरून देतो, ह्याचं उत्तर बोटांत बसेना, तेव्हा टिलीने तो प्रश्न सोडून दिला आणि म्हणाली, "माझ्या आईचे हात थंड आहेत ना?"

त्याने एक बोट वर केलं. मग माझ्याकडे बघितलं... आणि हळूच दुसरंही बोट उघडलं.

साचा 'फच्' करून निघाला. त्याच्या हनुवटीवर गुलाबी लगदा राहिला होता. मी काही कळायच्या आत अंगठ्याने तो पुसून टाकला, टिलीच्या तोंडावरचा जॅम पुसते तसा. मग दोघंही जागच्या जागी थिजलो.

"सवय..." मी म्हटलं.

"असू दे," तो म्हणाला. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला त्याचा. बारा वर्षं तो त्याच दारातून ये-जा करत होता.

दोन दिवसांनी पाळणाघरातून फोन आला. टिली जेवताना प्रत्येक भाजीला सगळ्यांसमोर दोन बोटं दाखवत होती, आणि तीही तळवा स्वतःकडे ठेवून. आमच्याकडे ती चांगलीच शिवी होते. हे कुणी शिकवलं, असं बाई विचारत होत्या. मी म्हटलं, दातांच्या कामात असं होतं कधीकधी.

*

पुढच्याच आठवड्यात तो प्रयोगशाळेत हजर. म्हणाला, कवच नीट बसत नाही. मी त्याच्या तोंडात घालून पाहिलं. इतकं छान बसलं होतं की काढताना जोर लावावा लागला. तरी मी कड घासून दिली. पुन्हा चार दिवसांनी आला. आता मागे टोचत होतं. मी मागूनही घासलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने खिशातून चावून चोथा केलेलं काहीतरी काढलं आणि नजर चुकवत म्हणाला, "कुत्र्याने खाल्लं."

"कुत्र्याचं नाव काय तुमच्या?"

"ग्रेव्ही."

मी ते चावलेलं कवच उजेडात धरलं. मग कपाटातून त्याच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा काढला आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

"कमाल आहे," मी म्हटलं. "ग्रेव्हीचा डावीकडचा सुळा तुमच्यासारखाच वाकडा आहे. आणि समोरचा एक दातही नाही बिचाऱ्याला."

त्याचे ते कणकेचे कान लाल झाले. आधी पाळ्या, मग वरपर्यंत. मी माझ्या आयुष्यात इतकं सावकाश लाजणारा माणूस पाहिला नव्हता.

"चावायला त्रास झाला असेल," मी म्हटलं.

"दोन संध्याकाळी लागल्या." मग तो टेबलाच्या कडेवरचं प्लॅस्टर नखाने खरवडत म्हणाला, "दुसरं काही सुचेना यायला."

"'चहा घेणार का' असं विचारतात लोक."

"घेणार का?"

मी साचा कपाटात ठेवून दिला, पाठ वळवूनच. चेहऱ्यावरचं त्याला दिसू नये म्हणून. "टिलीला घेऊन येईन," मी म्हटलं. "आणि तिला चहा चालत नाही."

*

तो आम्हाला चहाला नेईल असं मला वाटलं होतं. त्याने नेलं अंधारात.

ओल्डरॉयडांची रुबार्बची, म्हणजे केकात घालतात त्या आंबट देठांची, शेती आहे, तीन पिढ्यांची. हिवाळ्यात मुळं शेतातून उचलून लांबच लांब, उबदार, काळ्याकुट्ट शेडमध्ये ठेवतात. उजेड लागला की कोवळे गुलाबी देठ निबर होतात, म्हणून तोडणी मेणबत्तीवर. बाहेर फेब्रुवारीची दुपार आणि आत रात्र. मी टिलीचा हात घट्ट धरला. मेणबत्ती किती उंचीवर आहे, वाळलेलं गवत तिच्यापासून किती लांब आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे बघून घेतलं. डंकन माझ्याकडे बघत होता. त्याने काही न बोलता मेणबत्ती आणखी वरच्या खिळ्यावर सरकवली, आणि दार उघडून पुन्हा लावून दाखवलं.

एवढंच केलं त्याने. माझ्या आत काहीतरी सैल झालं.

"आता ऐका," तो कुजबुजला.

टक्... मग लांब कुठेतरी, टक्.

"काय आहे ते?"

"वाढतंय."

आम्ही तिघं उभे राहून रुबार्ब वाढण्याचा आवाज ऐकत राहिलो. टिलीने तर श्वाससुद्धा अडवून धरला होता.

मग देठ तोडता तोडता त्याने सांगितलं. हा त्याचा शेवटचा मोसम. वय तेहतीस झालं, गुडघे आता त्याच्याबरोबर उठत नाहीत. क्लबच्या बोळात तीनशे सामने खेळलेल्यांचे फोटो आहेत. पुढच्या फळीतला त्यात एकच माणूस, त्याचे आजोबा. दिवसा खाण, शनिवारी मैदान. त्यांच्या शेजारी एक खिळा रिकामा आहे. डंकन सात वर्षांचा असताना तो त्याच्या आईने, हेझलने, कुणाला न विचारता ठोकला होता.

"आणि तुमचे किती झाले?"

"दोनशे अठ्ठ्याहत्तर. धड राहिलो तर ह्या वर्षी होतील." तो थांबला. "बघायला याल? एखादा?"

मी मान हलवली. टिलीने मला शिकवल्याप्रमाणे दोन बोटंही दाखवली... तळवा त्याच्याकडे ठेवून. म्हटलं, माणूस पडलेला बघवत नाही मला. एकदा पडला की तो उठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहत नाही, आणि तुमचं तर कामच पडायचं.

"उठायचं पण आहे," तो म्हणाला.

*

वसंत आला, उन्हाळा आला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही. रविवारी सामना झाला की तो सोमवारी दुपारी यायचा. भुवईला टाके, बोटांना पट्ट्या, हातात रुबार्बचा केक. मी त्याला दारातच उजेडाकडे वळवून तपासायचे. डोळे बघायचे, बोटं मोजायला लावायचे. टिलीही तपासायची. तो तिला 'डॉक्टरबाई' म्हणायचा. बाबा एवढे खूश की त्यांनी मला दोन महिने एकही सल्ला दिला नाही.

आणि मी सुखात होते, तरी भीत होते. टिली त्याच्या खांद्यावर चढून छताला हात लावायची तेव्हा मी हसत हसत खाली हात पसरून उभी राहायचे. तिला झेलायला, का मला झेलायला, कळायचं नाही.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी तो केक घेऊन आला आणि टिलीला म्हणाला, "चल गं ग्रेव्ही, चमचे आण." आम्ही सगळे हसलो. थोड्या वेळाने पुन्हा तिला ग्रेव्ही म्हणाला. सगळे पुन्हा हसले. मीही हसले, पण माझं हसू अर्ध्यावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेत आला. कवच जुनं झालंय, नवीन हवं, म्हणाला. मी ते हातात घेतलं. उजवीकडे दाढांच्या जागी आरपार भोक पडलं होतं.

"हे झिजलेलं नाही, डंकन. हे एका फटक्यात झालंय."

त्याचा हात उजव्या गालाकडे गेला.

"रविवारी?"

"डोक्याला डोकं लागलं जरासं. उठलो की लगेच."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. मला सगळा हिशोब पाठ होता. रोज बाबांच्या तोंडून ऐकत होते. दोनशे सत्त्याण्णव झाले होते, चार सामने उरले होते. तीन हवे होते. क्लबच्या डॉक्टर अडेयेमी. त्यांना कळलं तर त्या पंधरा दिवस त्याला बसवणार, म्हणजे दोन सामने गेले. दोनशे नव्व्याण्णववर गाडी थांबणार. खिळा तसाच राहणार.

"फक्त तीन, ब्रायनी," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली. तीन राहिलेत."

मी हात ॲप्रनच्या खिशात घातले. "मी नवीन कवच करणार नाही," मी म्हटलं. "कवचाशिवाय क्लब तुला मैदानात सोडणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ शकतोस, मी अडवणार नाही. पण माझ्या हाताने होणार नाही."

"आजोबांच्या शेजारी..."

"मला तीनशे नकोत रे. मला उद्या सकाळी टिलीचं नाव आठवणारा माणूस हवाय."

तो दाराकडे वळला. मग गेला. ह्या वेळी चौकटीला खांदा लागला नाही, इतका तो आकसून गेला होता. मी नळ सोडून ठेवला आणि पाण्याच्या आवाजात थोडी रडले. टिलीला काय सांगायचं, ह्याची वाक्यं मनात जुळवायला लागले. मला ती सवय आहे. वाईट बातमीची वाक्यं मी आधीच तयार ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी प्रयोगशाळा उघडायला गेले, तर तो पायरीवर बसलेला. पावसात. हातात डॉक्टर अडेयेमींच्या सहीचा कागद.

"पंधरा दिवस," तो म्हणाला. "दोन सामने बाद. त्या म्हणाल्या, आणखी एक दणका बसला असता तर..." त्याने ते वाक्य सोडून दिलं. मग आत येऊन खुर्चीत बसला आणि तोंड उघडलं. "घे माप. शेवटच्या दोनसाठी."

मी लगदा ढवळायला घेतला. मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

*

पुढचं गावाला तोंडपाठ आहे. सेथ लॉकवूड, संघाचा कर्णधार, कपडे बदलायच्या खोलीत उभा राहिला आणि म्हणाला की म्हाताऱ्याला एक सामना कमी पडतोय. तो मिळवायचा एकच मार्ग. आपण तिसरे आहोत. उरलेले चारही जिंकायचे, पहिलं यायचं. पहिल्या दोघांत वरच्या गटात जाण्यासाठी अंतिम सामना असतो, तोही पहिल्याच्या मैदानावर. "म्हणजे तीनशेवा घरी," सेथ म्हणाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणे. सगळे बुटांच्या नाड्या बांधायला लागले.

ज्या दोन सामन्यांना डंकन बाहेर बसला, त्यांना मी शाळेनंतर पहिल्यांदा मैदानावर गेले. त्याच्या शेजारी. भयंकर शेजारी आहे तो. मैदानात कुणीही कुणालाही धडकलं की ह्याचा खांदा माझ्यात घुसायचा. आमच्याकडे मैदानावर खातात ते पुदिन्याच्या चटणीतले माझे मटार पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीत गेले. पण त्याने मला बघायला शिकवलं. म्हणाला, आदळण्याकडे बघू नकोस, आदळल्यानंतर बघ. पडलेला माणूस उठताना चेंडू पायाखालून मागे सरकवतो ना, तिथे बघ. सगळा खेळ उठण्यात आहे. मी बघितलं. उठत होते. पुन्हा पुन्हा, चिखलातून, सगळेच्या सगळे उठत होते.

दोन्ही जिंकले. मग तो परत मैदानात उतरला, आणि उरलेले दोनही जिंकले. दोनशे नव्व्याण्णव.

अंतिम सामन्याच्या सकाळी मी टिलीला घेऊन शेतावर गेले. डंकन मागच्या अंगणात आईच्या कपड्यांच्या दोरीवरून चेंडू मारायचा सराव करत होता. आमच्याकडे रीत आहे. निवृत्त होणाऱ्या पुढच्या फळीतल्या माणसाला, ज्याने जन्मात किक मारलेली नसते, शेवटच्या सामन्यात शेवटची किक मारायला देतात. सामना हातात असेल तर. त्याचे बाराही चेंडू दोरीखालून गेले होते. हेझलच्या पांढऱ्या चादरीवर मधोमध एक गोल चिखल होता. तिने ती तशीच ठेवली होती. म्हणाली, तेवढं एक तरी लागलं.

टिली चेंडू आणायला धावली तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"उद्यापासून मी नुसता रुबार्बवाला. समोरचा दात नसलेला. गुडघे वाजतात. पण घर उबदार आहे, आणि कोपऱ्यांना सगळीकडे मऊ पट्ट्या लावल्यात, मी काल लावल्या... तुम्ही दोघी जर..."

मी त्याच्या ओठांवर दोन बोटं ठेवली. साचा धरते तशी. "आत्ता नाही. आधी स्वतःच्या पायांनी मैदानातून बाहेर ये. मग सांगते."

*

सहा हजार माणसं. पाऊस, अर्थातच. बाबा माझ्या डाव्या हाताला, टिली मांडीवर, कानांवर मोठे गुलाबी कानझाके. डंकन पळत आत आला तेव्हा लोकांनी इतका आवाज केला की कानझाक्यांखाली टिलीने डोळे मिटले.

मी सगळं बघितलं. एकदाही मान वळवली नाही. तो तिघांना घेऊन पडायचा आणि चौथ्याला उठवून उठायचा. उत्तरार्धात एकदा तो खाली गेला आणि खालीच राहिला. ढोपरांवर. मैदान गप्प झालं. डॉक्टर अडेयेमी धावल्या. माझ्या मनात ती वाक्यं आपोआप जुळायला लागली... आणि मग मला दिसलं की तो गवतात काहीतरी चाचपतोय. कवच. कवच पडलं होतं त्याचं. सापडलं तसं त्याने चड्डीला पुसून तोंडात घातलं. इतकी घाणेरडी आणि इतकी सुंदर गोष्ट मी आजवर पाहिलेली नाही.

शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी पुढे होतो, आणि सेथ खांबांच्या डावीकडे गोलरेषेपलीकडे पडला, चेंडू पोटाखाली धरून. भोंगा वाजला. जिंकलो. पण आमचं कुणी जागचं हललं नाही, कारण चेंडू असा टेकवला की मिळते ती किक उरली होती. सेथ चिखलातून उठला, चालत मागे गेला आणि चेंडू डंकनच्या हातात दिला.

त्याने तो ठेवला. चार पावलं मागे आला. मग वळला, आणि खांबांकडे न बघता सरळ आमच्याकडे बघितलं. तोंडात कवच, बोलणार कसा? त्याने हात वर केला. एक बोट. भुवया उंचावल्या. मग दोन बोटं. पुन्हा भुवया.

घाईत तळवा उलटा धरला होता त्याने. समोरच्या टोकाला बसलेले पाहुण्या संघाचे लोक खवळून ओरडायला लागले, आणि पंच तर समज द्यायला त्याच्याकडे निघालेच.

मी टिलीला बाबांच्या मांडीवर दिलं. उभी राहिले. मी, जी कधी वाढदिवसाच्या गाण्यातही पुढे उभी राहत नाही. हात जेवढा उंच जाईल तेवढा केला, आणि एक बोट दाखवलं.

बाबांनी बघितलं. "पहिले!" ते ओरडले, "बरोबर आहे पोरी, आपणच पहिले!" आणि त्यांनीही एक बोट वर केलं. मग शेजारच्याने. मग पूर्ण रांगेने. मग तो सगळा ओला, भिजलेला स्टँड उभा राहिला. मैदानाच्या कडेने हात वर होत गेले, आणि सहा हजार माणसं एक एक बोट वर करून डंकन ओल्डरॉयडला 'हो' म्हणाली. कशाला म्हणाली, ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

तो हसला. कवच बाहेर पडलं. ते तसंच टाकून तो चार पावलं धावला, उधळलेल्या बैलासारखा. चेंडू ओल्या टॉवेलसारखा वर गेला, फडफडला, डाव्या खांबावर आदळला... धप्प! आणि विचार बदलल्यासारखा आतल्या बाजूने आडव्या दांडीवरून पलीकडे पडला.

झेंडे वर गेले. मग काय काय झालं, मला नीट सांगता येणार नाही. बाबा एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडत होते. त्याच्या टोपीत बहुधा अजून मटार होते. संघ डंकनला खांद्यावर घ्यायला धावला. त्याने सगळ्यांना हाताने बाजूला केलं. आणि मग लंगडत, चिखलाने माखलेला, स्वतःच्या पायांनी चालत तो कुंपणापर्यंत आला.

"तू हरलास का?" टिलीने कानझाके काढून विचारलं.

त्याने दोन बोटं दाखवली. ह्या वेळी तळवा बरोबर धरून.

*

खिळ्यावर आता फोटो आहे. हेझलने तो थोडा तिरका लावलाय, आजोबांकडे झुकलेला. मुद्दाम, असं ती म्हणते.

त्या सामन्यानंतरच्या मंगळवारी तो दात करून घ्यायला आला. खेळत असेपर्यंत कुणी दात बसवत नाही, पुन्हा जाणारच असतो. टिली कोपऱ्यात रंगखडू घेऊन बसली. मी लगदा ढवळला, साचा भरला, त्याच्या तोंडात बसवला.

"दोन मिनिटं बोलायचं नाही," मी म्हटलं. "मीच बोलणार आहे."

तो खुर्चीत ताठ बसला.

मी सांगितलं, मी रात्री तीनदा उठून दाराची कडी बघते. टिलीचा श्वास ऐकते. आता तुझाही ऐकेन, तू घोरत असलास तरी. तू अंगणात शिडी लावलीस तर मी खाली उभी राहीन. ही भीती जाणार नाही माझी. मी खूप वाट बघितली, पण नाही जात. म्हणून मी तिच्यासकट येतेय. आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे... जानेवारीपासून, त्या पापणीवरच्या थेंबापासून. मी आत्ता सांगतेय, कारण तुला मध्ये काही बोलता येत नाही.

त्या लांब पापण्या ओल्या झाल्या. आज बाहेर पाऊस नव्हता. त्याने एक बोट वर केलं आणि खाली घेतलंच नाही.

"आईचे हात अजून थंड आहेत का?" टिलीने चित्रातून मान वर न करता विचारलं.

मी आत्ताच नळाच्या गार पाण्यात हात धुतले होते. माझी मलाच हुडहुडी भरत होती.

डंकनने माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश दुसरं बोट उघडलं.